अदलाबदलीची चार पुस्तकं

लष्करातली मे महिन्यातली दुपार ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको. इतर गावच्या मंडळींसाठी सांगते. अकरा वाजता खिडक्या बंद, कूलरमध्ये पाणी, आणि साडेबाराच्या सुमारास वीज गेली की कूलरही बंद. झोप येत नाही, फोनची बॅटरी जपून वापरावी लागते. मग माणूस पुस्तकाकडे वळतो.

यंदा माझी पुतणी भोपाळहून महिनाभर राहायला आली आहे. बारावी झाली. जुलैत ती पुण्याला फिजिक्स शिकायला जाणार. आल्या आल्या तिने माझं कपाट पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, मराठीत साय-फाय नसतंच गं. असतो तो उपदेश."

मला राग आला. पण मंडळाच्या कोजागिरीला एका मुलानेही मला तोंडावर सुनावलं होतं, की तुमच्या सदरातली सगळी पुस्तकं माझ्या आजोबांच्या कपाटातली असतात. दोघांचं मिळून उत्तर म्हणून आम्ही करार केला. तिने मला दोन पुस्तकं द्यायची, मी तिला दोन. पन्नास पानं वाचल्याशिवाय नावं ठेवायची नाहीत, आणि शेवटचं पान आधी उघडायचं नाही. ही दुसरी अट माझ्यासाठी होती. रहस्यकथेचा शेवट आधी वाचायची सवय मला लहानपणापासून आहे, त्यात मला अजून काही गैर वाटत नाही.

तिचं पहिलं पुस्तक जपानी होतं, केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी २००५ चं, आम्ही इंग्रजीतून वाचलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी यावरून काढलेला 'जाने जान' पाहिला असेल, करीना कपूरचा, कालिंपोंगमध्ये घडणारा. सिनेमा पाहिला म्हणून पुस्तक सोडू नका. सिनेमात पोलीस आणि गुन्हेगाराचा जुना कॉलेजमित्र ही दोन माणसं एकच करून टाकली आहेत. तिथेच पुस्तकातली निम्मी गंमत गेली.

खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळतं. डब्याच्या दुकानात काम करणारी यासुको, तिची शाळकरी मुलगी, आणि दारात येऊन छळणारा आधीचा नवरा. तो मरतो. भिंतीपलीकडे इशिगामी नावाचा गणिताचा मास्तर राहतो, त्याला सगळं ऐकू आलेलं असतं. तो दार वाजवतो आणि म्हणतो, मी मदत करतो. पुढचं सगळं पुस्तक हा मास्तर पोलिसांपुढे एक प्रश्नपत्रिका ठेवतो आणि पोलीस ती सोडवत बसतात. त्याचा कॉलेजातला मित्र युकावा, भौतिकशास्त्रज्ञ, त्याला हळूहळू कळत जातं की प्रश्नच वेगळा आहे. इशिगामीच एके ठिकाणी सांगतो की परीक्षेत भूमितीचा वाटणारा प्रश्न खरं तर बीजगणिताचा असतो, आणि मुलं तिथेच फसतात. मी तीस वर्षं गणित शिकवलं. असे प्रश्न मीही काढले आहेत, आणि पेपर तपासताना मला त्यात थोडा दुष्ट आनंदही होत असे. त्यामुळे हा मास्तर मला फार जवळचा वाटला. वर्गातली पोरं कंटाळलेली, कुणीतरी विचारतंय हे शिकून काय उपयोग, आणि हा आपल्या डोक्यात चार रंगांच्या प्रमेयाची देखणी सिद्धता शोधत बसलेला. संगणकाने ते प्रमेय सिद्ध केलं आहे, पण याला ती सिद्धता कुरूप वाटते! असा मास्तर प्रत्येक शाळेत एखादा असतो, आणि त्याची चेष्टाच जास्त होते.

आमचं भांडण झालं ते शेवटावरून. शेवट मी सांगणार नाही. पुतणी पुस्तक मिटून डोळे पुसत म्हणाली, "इतकं कुणी कुणासाठी करतं का गं? किती ग्रेट!"

मला ते ग्रेट वाटलं नाही. मला भीती वाटली. त्या बाईला कुणी विचारलं होतं का? तिच्यासाठी एवढं मोठं काहीतरी केलं, तिला न सांगता केलं, आणि आता आयुष्यभर तिने त्या उपकाराचं ओझं वाहायचं. मी तिला एवढंच विचारलं, "तू यासुकोच्या जागी असतीस तर?" ती म्हणाली, "आत्या, तू सगळ्याचा क्लास घेतेस." बोलणं तिथेच थांबलं. पण दोन दिवसांनी पोळ्या लाटताना ती आपणहून म्हणाली, की यासुको जेवढं बोलते त्यातलं तिच्या मनासारखं फार थोडं असतं, आधी नवऱ्याच्या धाकाने आणि नंतर मास्तरच्या सूचनेबरहुकूम. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी मास्तरकडेच बघत बसले होते.

रहस्यकथा म्हणून माझ्या मते हे पुस्तक पहिल्या वर्गाचं आहे. पुरावा सगळा तुमच्यासमोर मांडलेला असतो, लेखक काहीही लपवत नाही, आणि तरी तुम्ही चुकता. मधली काही पानं पोलिसांच्या चौकशीत रेंगाळतात, तिथे नेटाने पुढे जा.

माझ्याकडून तिला मिळाले नारायण धारप. याला एक कारण होतं. २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला तेव्हा ही पोरगी मैत्रिणींबरोबर दोनदा पाहून आली होती. त्यातली ती साखळदंडांनी बांधलेली भयंकर म्हातारी कुठून आली ते तिला माहीत नव्हतं. मी धारपांची 'आजी' ही कथा तिच्या हातात दिली. तिला गोष्ट आवडली, मराठीही फारसं अडलं नाही. आपल्याकडच्या मुलांचं हे एक बरं आहे, हिंदीमुळे लिपी तयार असते. बडोद्याच्या आणि बेळगावच्या मुलांना आधी लिपीचीच टेकडी चढावी लागते, तेव्हा आपण कुरकुरू नये.

पण ती वस्ताद. संध्याकाळपर्यंत तिने शोधून काढलं की 'आजी'च्या मागे स्टीफन किंगची 'ग्रॅमा' आहे. धारपांच्या 'लुचाई'मागे किंगचीच 'सेलम्स लॉट' आहे हे मला ठाऊक होतं, तेही मग कबूल करावं लागलं. "म्हणजे तुझा मराठी लेखक कॉपी करतो!" असं म्हणून तिने मला दिवसभर छळलं. खरं सांगायचं तर मलाही हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फसवल्यासारखं झालं होतं. कॉलेजात असताना 'लुचाई' वाचून मी आठ दिवस रात्री अंगणात गेले नव्हते, आणि ती भीती अमेरिकेतून आली होती! आता वाटतं की ऋण उघड मान्य करायला हवं होतं. पण भीती मात्र धारपांनी इथली केली. संध्याकाळी दिवा लावायची वेळ टळली की घरात काय शिरतं, देवघरात पाऊल टाकताना अंगावर काटा का येतो, हे किंगच्या बापालाही जमलं नसतं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा तिने नुसत्या भुवया उंचावल्या. हा सामना बरोबरीत सुटला असं मी धरून चालले आहे.

तिचं दुसरं पुस्तक मी नाखुशीनेच हातात घेतलं. जादूगार, ड्रॅगन, जादूची शाळा. मी म्हटलं, हॅरी पॉटर आम्ही तुझ्या वडिलांबरोबर वाचून झालो. ती म्हणाली, "हे त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचं आहे." उर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चं. दोनशे पानांच्या आतबाहेर, म्हणजे हल्लीच्या उशीएवढ्या फँटसींच्या मानाने पातळसंच.

समुद्रात विखुरलेल्या बेटांचं एक जग आहे. गाँट बेटावरचा एक शेळ्या राखणारा पोरगा, आई नसलेला, हट्टी, हुशार आणि हुशारीचा गर्व असलेला. वर्ण सावळा, तांबूस तपकिरी. ल ग्विनबाईंनी हे मुद्दाम केलं होतं, आणि पुढे टीव्हीवाल्यांनी गोरा नायक घेतला तेव्हा त्या जाहीरपणे चिडल्या होत्या. हा मुलगा रोक बेटावरच्या शाळेत जातो, तिथे एका श्रीमंत मुलाला दाखवून देण्याच्या भरात नको ती विद्या वापरतो, आणि एक काळी सावली जगात मोकळी सुटते. पुढे ती त्याच्या मागे लागते.

एवढं नेहमीचंच. पण या जगात जादू चालते ती नावांवर. दगडाचं, समुद्राचं, पाखराचं एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते. माणसांचंही तसंच. मोठं होताना प्रत्येकाला खरं नाव मिळतं आणि ते लपवून ठेवायचं असतं. रोजच्या वापराला दुसरं एक नाव. आपल्या नायकाला सगळे स्पॅरोहॉक म्हणतात, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी. त्याचं खरं नाव गेड, ते फार थोड्यांना ठाऊक. पुस्तकाच्या मध्यावर, तो सगळ्या बाजूंनी हरलेला असताना, त्याचा एक मित्र स्वतःचं खरं नाव त्याला सांगून टाकतो. कुणी विचारलेलं नसतं. एवढ्या दोन ओळींच्या प्रसंगाने मला लढाया आणि ड्रॅगनपेक्षा जास्त हलवलं.

हे वाचून होईपर्यंत वीज आली होती. पुतणी आईजवळ, म्हणजे तिच्या आजीजवळ बसली होती. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पोरीने सरळ विचारलं, "आजी, तुझं खरं नाव काय?"

आईने सांगितलं ते रेशनकार्डावरचं नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं ही रीत तुम्हाला माहीत असेल. तुमच्या पिढीत ती जवळपास गेली, माझ्या पिढीत कुरकुर करत होती, आईच्या पिढीत त्यावर कुणी बोलतही नसे. विसाव्या वर्षी एका सकाळी मुलीचं आडनाव गेलं ते गेलंच, पण घरात ज्या नावाने हाक मारत तेही गेलं. नवं नाव सासरच्या कुणीतरी पत्रिका बघून ठरवलेलं.

पुतणी म्हणाली, "ते नाही गं. त्याच्या आधीचं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तिने ते नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "पण तू त्या नावाने हाक मारू नकोस. ते दादाचं होतं." दादा म्हणजे तिचा भाऊ, आमचा मामा. भाऊबिजेला उज्जैनहून येत असे आणि दारातूनच तिला त्या नावाने हाक मारत असे. आम्हा मुलांना त्याचं हसू येई. मामा जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून ते नाव कुणी उच्चारलेलं नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

अमेरिकेतल्या एका बाईने जादूगारांची गोष्ट लिहावी आणि तिने आमच्या माजघरात असं शिरावं! फँटसीला मी आजवर पोरखेळ समजत आले होते, ते चुकलंच.

आता शेवटचं पुस्तक. खरं तर एकच कथा. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

हिला मी ती द्यायला गेले तर म्हणाली, "ही माझी झाली आहे. अकरावीला. 'द अ‍ॅडव्हेंचर'. हॉर्नबिलमध्ये आहे." सीबीएसईच्या मुलांना हे इंग्रजीचं पुस्तक माहीत असेल. प्रोफेसर गायतोंडे या पात्राचं स्वभावचित्र लिहा, वगैरे. ती गोष्ट मुळात मराठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या वर्गात बहुतेक कुणालाच नव्हतं म्हणे. इंग्रजीतल्या 'प्रोफेसर गायतोंडे' या माणसाला काही वास येत नाही. 'गंगाधरपंत' म्हटलं की उपरणं, सभा आणि अध्यक्षीय भाषण डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यांना हजाराव्या सभेचं अध्यक्षपद भूषवायचं असतं, यातला विनोद तिला आत्ता पहिल्यांदा कळला, आणि ती मोठ्याने हसली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला येतात, पण ही वेगळी मुंबई आहे. इथे अजून ईस्ट इंडिया कंपनी आहे, वूलवर्थ आणि बूट्सची दुकानं आहेत, बाकीचा देश मात्र स्वतंत्र आणि बलवान आहे. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढतात. चार खंड जसेच्या तसे. पाचव्यात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी इथे तीळभराच्या अंतराने चुकली. तेवढ्या एका गोष्टीने पुढचा सगळा इतिहास बदलला. हे खरं घडलं की स्वप्न होतं, याचा निकाल शेवटी एका पानावर लागतो. ते मी सांगत नाही.

माझी या कथेबद्दल तक्रार आहे आणि ती जुनी आहे. शेवटी राजेंद्र देशपांडे नावाचा मित्र येतो आणि कॅटॅस्ट्रॉफी थिअरी, इलेक्ट्रॉन, अनेक जगं असं सगळं समजावून सांगतो. मला तिथे फळा आणि खडू दिसायला लागतात. पुतणीला नेमका तोच भाग सगळ्यात आवडला. "आत्या, तोच तर मुद्दा आहे. त्याशिवाय ती नुसती परीकथा झाली असती." म्हणजे उपदेशाची तक्रार हिची, आणि भाषण सहन होत नाही मला.

दुसरी तक्रार आम्हा दोघींची. जिंकल्यावर सगळं फारच छान होतं. घरभेद्या दादासाहेबांना, म्हणजे राघोबांना, नारळीकर एका वाक्यात राजकारणातून निवृत्त करतात! गोळी चुकली म्हणून दादासाहेब सुधारले असते का? पानिपतावरची फौज कित्येक दिवसांची उपाशी होती. रसद तुटली होती, अंगावर कर्ज होतं. यातलं किती एका गोळीने बदललं असतं? पण असे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहतात हे कथेचंच यश म्हणायला हवं. दुपारभर आम्ही दोघी रियासतीचा खंड आणि फोन घेऊन वाद घालत होतो. 'अजून एक चार मार्कांची कथा' म्हणणारी ही मुलगी!

वादात एकदम ती म्हणाली, "पण मग आपण कुठे असतो?"

कथेत पंत मुंबईत आपल्या मुलाला शोधायला त्याच्या ऑफिसात जातात. तिथे त्या नावाचं कुणी कधी नव्हतंच. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, पण तो आपल्या घराला लावून पाहिला नव्हता. आता लावून पाहा. पानिपतावर शिंद्यांच्या घराचे मुख्य होते जनकोजी, कोवळ्या वयाचे. ते पकडले गेले आणि मारले गेले. त्यांचे चुलते तुकोजी तिथेच पडले. दत्ताजी वर्षभर आधीच बुराडी घाटावर गेले होते. उरले महादजी, पायाला जखम होऊन, राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवले म्हणून. सगळे गेले म्हणून महादजींकडे सरदारी आली, तीही काही वर्षांच्या झगड्यानंतर. गोळी चुकती आणि जनकोजी जगते, तर महादजी घरातले एक धाकटे काका म्हणून राहिले असते. मग महादजींचे दत्तक दौलतराव गादीवर कुठले? आणि १८१० च्या सुमारास दौलतरावांच्या सैन्याचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, त्या तळाचंच तर हे लष्कर झालं. त्या तळाबरोबर आमचा एक पूर्वज कारकून म्हणून आला, असं आमच्या कुळाच्या वहीत लिहिलं आहे. त्याचं जगणं हिशेब लिहिण्यात गेलं. त्यानेही बहुधा कधी अध्यक्षपद भूषवलं नसावं.

आपण मराठी माणसं 'पानिपत झालं' असं म्हणतो ते सगळं संपलं या अर्थाने. मीही म्हणते, गॅसवर दूध उतू गेलं तरी म्हणते. त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं की पानिपत झालं नसतं तर हे घर, ही गल्ली, आपलं मंडळ, यातलं काहीच नसतं. हरल्यामुळे आपण इथे आहोत. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला ही कथा वाचून हळहळ वाटते, की अरेरे, एक तीळभर! आपण तशी हळहळ करायची म्हणजे स्वतःलाच पुसून टाकायचं. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

पुतणीला ते लगेच पचलं. ती म्हणाली, "जिंकले असते तर अजून वर गेले असते ना? अटकेपर्यंत तर आधीच गेले होते. मग आपण लाहोर मराठी मंडळात असतो. तू तिथे सदर लिहिलं असतंस." आणि लाहोरच्या गणेशोत्सवात मोदकांच्या पंगतीत कोण कोण असतं, याची यादी करत बसली.

नारळीकर स्वतः आपल्यासारखे बाहेर वाढलेले. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, पण वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण आणि शिक्षण बनारसला. पुढे केंब्रिज, मुंबई, पुणे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर कुणी ओळखू नये म्हणून मंगलाताईंनी ती लिहून काढली. परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं ते जगतापांना. हे सांगितल्यावर पुतणी म्हणाली, "म्हणजे तेपण खरं नाव लपवत होते." अर्थसीचं भूत अजून उतरलं नव्हतं.

२०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, आणि २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या दिवशी ही मुलगी अकरावी संपवून सुट्टीवर होती. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, 'द अ‍ॅडव्हेंचरवाले सर'. तिने तेव्हा एक हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढे गेली. ते आठवून तिला आता वाईट वाटत होतं.

पुण्याला जायचं म्हणून तिला एक काळजी आहे, ती तिने चार दिवसांपूर्वी रात्री गच्चीवर बोलून दाखवली. मागे एका लग्नात पुण्याच्या मुली तिच्या मराठीला हसल्या होत्या. ही 'चहा घेऊन घे' म्हणाली, 'भाजी'ला 'सब्जी' म्हणाली. तेव्हापासून ती मराठी माणसांशी इंग्रजीत बोलते. भोपाळमध्ये ती मराठी म्हणून ओळखली जाते, पुण्यात हिंदीवाली. "गंगाधरपंतांसारखं," ती म्हणाली. "स्टेशन तेच, पण बाहेर आलं की दुकानं वेगळी."

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, पंतांनी तिथेही आधी ग्रंथालय शोधलं. तूही शोध. आणि नारळीकरांनी उभी केलेली आयुका पुण्यातच आहे, ती तुला बघायचीच आहे. ती म्हणाली, "तिथे मराठीत बोलावं लागतं का?" मी म्हटलं, तिथे फिजिक्समध्ये बोलतात.

काल तिची बॅग अर्धी भरून झाली. नारळीकरांचं पुस्तक तिने कपड्यांच्या मध्ये ठेवलं आहे, माझी प्रत आहे हे सांगूनही. हिगाशिनो तिने शेजारच्या मुलाला वाचायला दिलं. 'अर्थसी' माझ्याकडेच राहणार, कारण त्याचे पुढचे भाग ती ऑनलाइन मागवते आहे आणि ते आधी मी वाचून सांगायचं असं ठरलं आहे. धारप न्यायला तिने साफ नकार दिला. होस्टेलवर रात्री एकटीला नको म्हणे.